बचाव एकट्याचा नसतो

१९२३ च्या फेब्रुवारीत सिग्मंड फ्रॉइडला आपल्या तोंडात, जबडा आणि टाळूजवळ, काहीतरी वाढतंय हे लक्षात आलं. तो स्वतः डॉक्टर होता, दिवसाला वीसेक सिगार ओढणारा होता, आणि अशी वाढ कसली असू शकते हे त्याला शिकवायची गरज नव्हती. तरीही दोन महिने तो गप्प राहिला. एप्रिलमध्ये त्यानं फेलिक्स डॉइच या ओळखीच्या डॉक्टरला तोंड उघडून दाखवलं. डॉइचला कर्करोग दिसला. त्यानं फ्रॉइडला सांगितलं मात्र वेगळंच: सिगारमुळे पांढरा चट्टा उठलाय, काढून टाकलेला बरा. जवळच्या शिष्यांना खरं काय ते कळलं, आजाऱ्याला नाही. पुढे सगळं उघड झालं तेव्हा आपल्यापासून हे लपवलं म्हणून फ्रॉइड संतापला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या १६ वर्षांत तीसहून अधिक. सिगार काही सुटली नाही.

माणसाचं मन स्वतःपासूनच गोष्टी लपवतं हे जगाला सांगणाऱ्याची ही गत, म्हणून हसायला सोपं आहे. पण या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. लपवाछपवी फ्रॉइडनं सुरू केली, आणि मग डॉक्टरानं ती पुढे नेली, शिष्यांनी सांभाळली. एका माणसाचं ‘मला काही झालेलं नाही’ टिकवायला चार-पाच शहाणी माणसं कामाला लागली होती. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत संरक्षण यंत्रणांचा तक्ता असतो. नाकारणं, दमन, प्रक्षेपण, विस्थापन, समर्थन अशी नावं, आणि प्रत्येकासमोर एकेक उदाहरण. जणू हे सगळं एकाच डोक्यात सुरू होतं आणि तिथंच संपतं. रोजच्या आयुष्यात बघायला गेलं तर तसं क्वचितच दिसतं. बचावाला साथीदार लागतात, आणि त्याचा खर्चही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या माथी पडतो.

इतिहास थोडक्यात. ‘बचाव’ हा शब्द फ्रॉइडनं १८९४ साली एका निबंधात वापरला. मग बरीच वर्षं ‘दमन’ या एकाच कल्पनेनं त्याची जागा घेतली. १९२६ मध्ये त्यानंच पुन्हा सांगितलं की दमन हा बचावाच्या अनेक प्रकारांपैकी एक. त्या प्रकारांची नीट मांडणी केली ती त्याच्या मुलीनं. ॲना फ्रॉइडचं पुस्तक १९३६ चं, वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची भेट. भीती, लाज, अपराधीपणा सोसवेनासा झाला की मन आपल्या नकळत वास्तवाला थोडं वाकवतं, हा त्याचा गाभा. ‘नकळत’ हा त्यातला महत्त्वाचा भाग, कारण तेच जाणूनबुजून केलं तर त्याला थाप म्हणतात. आपल्याकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये दमनावर प्रबंध लिहिला, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रांतून वादही घातला. दडपलेल्या प्रत्येक इच्छेच्या जोडीला तिच्या उलट इच्छाही असते, असं त्यांचं म्हणणं. व्हिएन्नाला ते फारसं पटलं नाही.

या सगळ्या प्रकारांत सर्वांत जास्त चलनात असलेला प्रकार म्हणजे समर्थन. आधी करायचं ते करायचं आणि मग त्याला साजेशी कारणं उभी करायची. १९०८ मध्ये अर्नेस्ट जोन्सनं याला मनोविश्लेषणात नाव दिलं, पण अभ्यासायला पुण्यासारखी जागा नाही. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटसक्ती लागू होणार म्हटल्यावर जी कारणं पुढे आली ती आठवून पाहा. मान दुखते. केस गळतात. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. गर्दीत वेग असतो तरी कुठे? आणि आधी खड्डे बुजवा. यातल्या प्रत्येकात तथ्याचा कण आहे. खड्डे बुजवण्याची मागणी तर पूर्ण रास्त. फक्त खड्डे असतील तर हेल्मेट जास्तच लागतं, एवढं एक वाक्य कुणी जोडत नाही. समर्थन ओळखायची खूण अशी की एक कारण खोडून काढलं तर माणूस मत बदलत नाही, पुढचं कारण काढतो. आणि ही कारणं प्रत्येकाला स्वतः शोधावी लागत नाहीत. ती कट्ट्यावर, गटावर, मोर्चात तयार मिळतात.

पण मन केवळ दिलासा शोधतं असं मानलं तर एक कोडं सुटत नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं अफवा गोळा केल्या. जिथं हादरा जोरात बसला पण पडझड झाली नव्हती, अशा भागात लोक एकमेकांना सांगत होते की अजून मोठा भूकंप येणार आहे, पूर येणार आहे, वादळ येणार आहे. आधीच घाबरलेल्या माणसांनी आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? अनेक वर्षांनी हा अहवाल अमेरिकेत लिऑन फेस्टिंगरच्या हाती पडला आणि त्याला उलगडा झाला तो असा: भीती तर वाटत होती, पण डोळ्यांसमोर भिण्यासारखं काही नव्हतं. अफवेनं त्या भीतीला कारण पुरवलं. फेस्टिंगरच्या १९५७ च्या सिद्धांताची, म्हणजे मनात दोन विसंगत गोष्टी एकत्र नांदत नाहीत आणि मन त्यांचा मेळ घालूनच स्वस्थ बसतं या विचाराची, एक सुरुवात बिहारमधल्या या अफवांपाशी आहे. आपली भावना योग्य ठरावी म्हणून माणूस जास्तीचं दुःखही पत्करतो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, घरोघरी पोचलेले निरोप ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

दमनाचा भाऊबंद म्हणजे ‘तो विचारच करायचा नाही’ असं ठरवणं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर त्यांना अस्वल आणखी जास्त आठवू लागलं. आपण विचार करत नाही आहोत ना, हे तपासायला मनाचा एक कोपरा त्याच विचारावर पहारा देत बसतो. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, न्यूमन, डफ आणि बाउमायस्टर यांनी प्रक्षेपणाचा धागा इथंच जोडला. स्वतःतला एखादा अवगुण मनातून दूर ठेवायच्या खटाटोपात असलेल्या माणसांना समोरच्यात तोच अवगुण दिसू लागला. म्हणजे आपला दोष दुसऱ्यावर फेकण्याचा कट मनात शिजत नसतो. दोषावरच्या पहाऱ्यातून नजर तशी तयार होते. स्वतःचा चिक्कूपणा नाकारण्यात जो गुंतलेला आहे, त्याला हॉटेलात बिल आल्यावर दुसऱ्याचा हात खिशाकडे जायला झालेला उशीर अचूक दिसतो.

इथं एक हिशेब मांडायला हवा. फ्रॉइडच्या या कल्पना प्रयोगशाळेत टिकतात का? १९९८ मध्ये बाउमायस्टर आणि दोन सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. नाकारणं, भावना आणि घटना यांची फारकत करणं, आणि मनात आहे त्याच्या नेमकं उलट वागणं या तिघांना भरपूर पुरावा मिळाला. प्रक्षेपण घडतं, पण बहुधा उपउत्पादन म्हणून. विस्थापनाचा पुरावा कच्चा. आणि ज्याचं कौतुक सर्वांत जास्त होतं त्या उदात्तीकरणाला, म्हणजे दडपलेल्या वासनेतून कला निर्माण होते या समजुतीला, काहीच आधार सापडला नाही. मराठी साहित्यसमीक्षेत उदात्तीकरण हा शब्द ज्या सहजतेनं वापरला जातो ते पाहता हा निष्कर्ष तिकडे पोचायला हरकत नव्हती.

विस्थापनाबाबत मात्र दोनच वर्षांत वेगळा सूर निघाला. २००० सालच्या एका एकत्रित विश्लेषणानं दाखवलं की एकानं डिवचल्यावर राग भलत्यावर निघतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसतं. आतली कसलीशी ऊर्जा इकडून तिकडे वाहते हे फ्रॉइडचं चित्र बाजूला ठेवलं तरी वड्याचं तेल वांग्यावर निघतंच. समोरच्याकडून एखादी बारीक चूक झाली तर ते निमित्त पुरतं. साहेबानं चारचौघांत झापलं, लोकलमध्ये धक्के खाल्ले, आणि घरी आल्यावर भाजीत मीठ कमी. बायको गप्प राहते, अर्ध्या तासानं मुलाच्या वहीतल्या अक्षरावरून धपाटा बसतो. मूल मग कुत्र्याला दगड मारतं, असं पुस्तकात लिहितात. माझ्या मते यात खरी लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे ती दिशा. राग कधी वर जात नाही. साहेबावरचा राग मोठ्या साहेबावर काढल्याचं एकही उदाहरण मला माहीत नाही. हे सगळं नकळत घडतं म्हणावं, तर निशाणा इतका अचूक कसा? उलट उत्तर देऊ न शकणारं माणूस मनाला बरोबर सापडतं.

याच दिशेनं जाणारा आणखी एक प्रकार ॲना फ्रॉइडच्या पुस्तकात आहे. एका लहान मुलीला अंधाऱ्या दिवाणखान्यातून जायला भुताची भीती वाटे. मग ती चमत्कारिक हातवारे करत धावू लागली. धाकट्या भावाला तिनं युक्तीही सांगितली: आपणच भूत आहोत असं समजायचं, म्हणजे भीती वाटत नाही. ज्याची दहशत वाटते त्याच्यासारखंच होऊन जाणं. मुलीच्या बाबतीत हे गोड आहे. वसतिगृहात पहिल्या वर्षी रात्रभर उठाबशा काढलेला मुलगा दुसऱ्या वर्षी नव्या मुलांना रांगेत उभं करतो तेव्हा नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये झाला. ‘आम्हीपण काढलंय, आमचं काय बिघडलं?’ हे वाक्य त्याआधीचं आहे आणि त्यानंतरचंही. सासवांच्या तोंडी ते थोड्या वेगळ्या शब्दांत असतं. सोसलेलं वाया गेलं नाही असं वाटायचं असेल तर पुढच्या कुणीतरी तेच सोसायला हवं. बचाव एकीचा, भोग दुसरीचा.

या सगळ्या प्रकारांना पायऱ्यांवर बसवलं जॉर्ज व्हेलंट यांनी. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात २६८ तरुणांच्या आयुष्याची दशकानुदशकं नोंद ठेवली गेली. व्हेलंट साठच्या दशकात त्यात आले आणि १९७७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. सर्वांत खाली वास्तवाशी नातंच तोडणारे बचाव, वर पोरकट, त्याच्या वर मध्यम, आणि सर्वांत वर प्रगल्भ: विनोद, परोपकार, येणाऱ्या संकटाची आधी तयारी, उदात्तीकरण, आणि त्रासदायक विचार जाणीवपूर्वक तात्पुरता बाजूला ठेवणं. वरच्या पायरीवरची माणसं मध्यमवयात काम, मैत्री, संसार यांत बरी निघाली. पांढऱ्या अस्वलाशी याचा विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. ‘हा विचार कधीच नको’ आणि ‘मुलीची परीक्षा संपू दे, रविवारी बसून बोलू’ या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरीत रविवार ठरलेला आहे. विनोदाचं महत्त्व फ्रॉइडलाही पटलेलं होतं. सोमवारी फाशी जाणारा कैदी ‘आठवड्याची सुरुवात तर झकास झाली’ म्हणतो, हे त्याचं आवडतं उदाहरण.

पायऱ्यांबद्दल एक शंका राहतेच. ते २६८ जण सगळे पुरुष, तेही हार्वर्डचे. परोपकाराला वरची पायरी देताना व्हेलंट यांच्यासमोर देणगी देणारा, संस्था उभारणारा गृहस्थ असावा. आपल्याकडच्या घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी, स्वतःच्या दुखण्याचा विषय निघाला की ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणारी बाईसुद्धा याच पायरीवर बसेल का? तिचा त्याग प्रगल्भ आहे की राग व्यक्त करायला जागाच नसल्यामुळे शोधलेली वाट, हे बाहेरून ठरवणं अवघड आहे. घर मात्र तिचं कौतुक करतं, कारण त्या बचावावर घर चालतं.

आता नाकारण्याकडे. आपण छातीत दुखल्यावर गॅस झाला म्हणतो. ओवा खाल्ला जातो, सोडा प्यायला जातो, आणि जे मोलाचे तास त्यात जातात ते परत मिळत नाहीत. पण हेच नाकारणं रुग्णालयात वेगळं वागतं. हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या १९८७ च्या एका अभ्यासात आजाराचं गांभीर्य नाकारणाऱ्यांना अतिदक्षता विभागात कमी दिवस राहावं लागलं, त्यांचं हृदयही त्या काळात बरं चाललं. मग घरी गेल्यावर पुढच्या वर्षभरात तीच माणसं पथ्यपाणी पाळेनात, सूचना ऐकेनात, आणि त्यांना पुन्हा जास्त दिवस भरती व्हावं लागलं. म्हणजे चार दिवसांसाठी जे औषध, तेच वर्षभरासाठी अपाय. बचाव चांगला की वाईट हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. तो किती दिवस चाललाय हे विचारावं लागतं. ‘माझी शुगर बॉर्डरवर आहे’ हे वाक्य रिपोर्ट हातात पडल्याच्या आठवड्यात ऐकलं तर माणूस सावरतोय म्हणावं. आठ वर्षं तेच ऐकू येत असेल तर पायाची बोटं तपासून घ्यावीत.

यातला सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे ‘त्यांना सांगू नका’. कर्करोगाचा रिपोर्ट थोरल्या मुलाकडे राहतो. डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगितलं जातं, बाबांसमोर ते नाव नको. गाठ आहे, साधी आहे, लाइट द्यायला नेतोय. गंमत अशी की मराठी घरात ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं तरी शेजाऱ्यांना निदान कळतं. परळला टाटा रुग्णालयाच्या दारात उतरलेल्या, रांगेत बसून इतरांचे केस गेलेले बघणाऱ्या बाबांना ते कळत नसेल? बहुतेकांना कळतं. मुलांना त्रास नको म्हणून ते न कळल्यासारखं करतात, आणि बाबांना धक्का नको म्हणून मुलं. दोन्ही बाजूंनी माया आहे, त्यामुळे याला सरसकट अडाणीपणा म्हणणं मला मान्य नाही. पण किंमत असतेच. बँकेची खाती, शेताचे कागद, कुणाशी तरी राहिलेलं बोलणं, सगळं तसंच राहतं. आणि शेवटच्या महिन्यांत माणूस भरल्या घरात एकटा पडतो. सांगायचं की नाही, हा वाद मुलं आणि डॉक्टर यांच्यातच रंगतो. तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे, हे रुग्णाला विचारण्याची पद्धत कर्करोगतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात आता आहे. काही जण म्हणतात, सगळं सांगा. काही जण म्हणतात, मुलाशी बोला, मला नको. दोन्ही उत्तरं ज्याची त्यानं दिलेली असतात, हा फरक लहान नाही.

गेल्या काही वर्षांत हे शब्द बोलीत उतरले आहेत. विशीतली मुलं एकमेकांना सहज सांगतात, ‘तू डिनायलमध्ये आहेस.’ शब्द कळले हे बरं झालं, पण त्यांचा वापर बहुतेक वेळा हत्यारासारखा होतो, कारण या वाक्याला उत्तरच नाही. ‘नाही’ म्हटलं तर आरोप सिद्ध, ‘हो’ म्हटलं तर कबुली. कार्ल पॉपर यांचा मनोविश्लेषणावरचा आक्षेप याच जातीचा होता: माणूस कसाही वागला तरी जी उपपत्ती बरोबरच ठरते, तिला विज्ञान कसं म्हणायचं? आपल्या म्हणी तरी काय वेगळं करतात? नाचता येईना अंगण वाकडं, चोराच्या उलट्या बोंबा, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. बचावाचे प्रकार त्यांनी केव्हाच पकडले होते. फक्त या सगळ्या म्हणी दुसऱ्याबद्दल बोलायला आहेत. स्वतःबद्दल बोलताना त्या कुणी वापरल्याचं फारसं ऐकिवात नाही.

या दोषारोपाचं काय होतं ते व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सर्वांत स्पष्ट दिसलं. दारू पिणाऱ्याच्या नकाराची वाक्यं पाठ असावीत इतकी सारखी असतात. रोज कुठे घेतो? अंगमेहनतीचं काम आहे, झोप लागत नाही. मनात आणलं तर उद्या सोडीन. हिच्या कटकटीमुळे प्यावी लागते. आणि याही नकाराला घर हातभार लावतं: बायको कारखान्यात फोन करून ताप आल्याचं कळवते, भाऊ उधारी फेडतो, सोयरीक जमवताना कुणी विषय काढत नाही. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत कुटुंबालाही उपचारात ओढतात, ते यामुळेच.

अमेरिकेत दीर्घकाळ असा समज होता की नकार हा दारुड्याच्या स्वभावाचाच भाग, तेव्हा तो फोडून काढावा लागतो. समोर बसवून, पुरावे मांडून, खडसावून. १९८३ मध्ये विल्यम मिलर यांनी याला धक्का दिला. त्यांचं म्हणणं, नकार हा रुग्णाच्या आत बसलेला नसतो, तो बहुतांशी बोलण्याच्या पद्धतीतून तयार होतो. ‘तू बेवडा आहेस’ म्हटलं की ‘मी बेवडा नाही’ एवढंच उत्तर शिल्लक राहतं, आणि ते मोठ्यानं म्हणता म्हणता माणसाला स्वतःलाही पटत जातं. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी समुपदेशकांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. समुपदेशक जितका अंगावर गेला होता, तितकी त्या रुग्णाची दारू वर्षभरानंतर जास्त होती.